हिवाळ्याची माणसे

उर्सुला ले ग्विन यांच्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) या कादंबरीची चर्चा जेव्हा जेव्हा आमच्या कानावर येते, तेव्हा ती एका ठरलेल्या वाक्याने सुरू होते आणि बहुधा त्याच वाक्यापाशी संपते : या कादंबरीतील माणसे स्त्रीही नाहीत आणि पुरुषही नाहीत. विद्यार्थ्यांच्या टिपणांत हेच वाक्य असते, परिसंवादांत हेच असते, आणि प्रांजळपणे कबूल करायचे तर आमच्या स्वतःच्या व्याख्यानांतही कित्येक वर्षे हेच होते. हे वाक्य चुकीचे नाही. पण ते अपुरे आहे. ज्या ग्रहावर ही माणसे राहतात त्याचे तेथील नाव गेथेन, आणि बाहेरून आलेल्या पहिल्या निरीक्षकांनी त्याला दिलेले नाव 'हिवाळा'. ही माणसे आधी हिवाळ्याची आहेत, मग बाकी सारे. थंडी हा या कादंबरीचा केवळ पडदा आहे असे समजून तिचे वाचन केले, तर लिंगभावाचा जो प्रश्न आपण इतक्या हिरिरीने मांडतो तोही अर्धाच हाती लागतो, असे आमचे मत झाले आहे.

कादंबरी न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. अनेक ग्रहांच्या 'एक्युमेन' नावाच्या संघातर्फे जेन्ली आय हा पृथ्वीवरचा एक तरुण दूत म्हणून गेथेनवर एकटाच येतो. हा ग्रह हिमयुगातून जात आहे. ध्रुवांकडून पसरलेल्या हिमस्तरांच्या मधल्या पट्ट्यातच काय ती वस्ती. गेथेनी माणूस महिन्यातील बहुतेक दिवस लिंगनिरपेक्ष असतो. 'केमर' नावाच्या मोजक्या दिवसांत तो स्त्री किंवा पुरुष होतो, आणि कोणत्या वेळी काय होईल हे त्याच्या हाती नसते. एकच व्यक्ती काही मुलांची आई आणि काही मुलांचा बाप असू शकते. कारहाइड या राज्याचे पंतप्रधान एस्त्रावेन दूतावर विश्वास ठेवतात, देशद्रोही ठरतात, परागंदा होतात. पुढे शेजारच्या ऑर्गोरेन देशाच्या छळछावणीतून ते जेन्लीला सोडवतात आणि दोघे गोब्रिन हिमपठार पायी ओलांडतात. सुमारे ऐंशी दिवस, आठशे मैलांच्या आसपास वाट, एक तंबू, एक शेगडी आणि ओढायला एक स्लेज.

कादंबरीचा उगम नेमका याच चित्रात होता, हे लक्षात घ्यायला हवे. बर्फाच्या ओसाड विस्तारावर स्लेज ओढत चाललेल्या दोन लहानशा आकृती आपल्याला प्रथम दिसल्या, असे ले ग्विन यांनीच लिहून ठेवले आहे. स्कॉट, शॅकल्टन आदींची दक्षिण ध्रुवाकडील प्रवासवर्णने त्यांनी आवडीने वाचली होती. म्हणजे लेखिकेच्या मनात आधी आली ती थंडी. त्या आकृती कोणाच्या, हे नंतर कळत गेले.

या थंडीने घडवलेला देह ले ग्विन यांनी काटेकोरपणे रेखाटला आहे. गेथेनी माणसे ठेंगणी, भरीव बांध्याची, त्वचेखाली चरबीचा थर असलेली. थंड प्रदेशातील उष्णरक्ताच्या प्राण्यांचे देह मोठे व भरीव असतात, असा नियम कार्ल बर्गमान यांनी १८४७ मध्ये मांडला होता. अशा प्राण्यांचे हातपाय, कान यांसारखे अवयव आखूड असतात, ही भर जोएल अ‍ॅलन यांनी १८७७ मध्ये घातली. ऊब टिकवायची तर उघडे पृष्ठ कमी हवे, हे त्यामागचे साधे गणित. पण देहापाशी न थांबता ही थंडी वास्तूत, वाहनात, शिष्टाचारात उतरते. घरांना जमिनीपासून बरेच उंच असे हिवाळी दरवाजे आहेत, कारण बर्फ साचले की जमीनच तेवढी वर येते. बर्फाच्या प्रकारांना वेगवेगळे शब्द आहेत. गाड्या विजेवर चालतात आणि सावकाश चालतात. वेग वाढवता येत असूनही का वाढवत नाही असे विचारले, तर गेथेनी माणसाला त्या प्रश्नाचेच प्रयोजन कळत नाही. या ग्रहावर पंखांचे मोठे प्राणी नाहीत. त्यामुळे आकाशात उडावे ही कल्पनाच तेथे कोणाला सुचलेली नाही. निसर्गाने जे दाखवले नाही त्याचे स्वप्नही पडत नाही, हे निरीक्षण एका मानववंशशास्त्रज्ञाच्या घरात वाढलेल्या लेखिकेचे आहे. आल्फ्रेड क्रोबर हे त्यांचे वडील.

तुलनेसाठी विज्ञानकथेतील दुसरी एक थंड प्रदेशाची जमात पाहू. 'स्टार ट्रेक' मालिकेत १९६७ साली अँडोरियन प्रथम दिसले : निळी कातडी, पांढरे केस, डोक्यावर दोन शृंगिका. त्यांचे घर बर्फाचे आहे हे पडद्यावर साक्षात दिसले ते तब्बल साडेतीन दशकांनंतर, 'एंटरप्राइज' या मालिकेत. आधी पोशाख ठरला आणि हवामान मागाहून आले. आम्ही या मालिकेला कमी लेखत नाही. तिची मौज वेगळी आहे. पण अँडोरियनांना वाळवंटात हलवले असते तरी त्यांच्या पहिल्या कथांत फारसे काही बिघडले नसते. गेथेनींना तसे हलवता येत नाही.

आपल्याकडे जयंत नारळीकर यांच्या 'हिमप्रलय' या कथेत हिमयुग आपल्या पृथ्वीवर अवतरते, मुंबईत बर्फ पडते. तेथे थंडी हे बाहेरून येणारे संकट आहे आणि कथेचा सारा ताण त्याच्याशी कसे लढायचे या प्रश्नात आहे. ले ग्विन यांनी प्रश्नच बदलला. थंडी हे जन्मघर असेल, तिच्याविरुद्ध कायमचा विजय शक्यच नसेल, तर माणसे एकमेकांशी कशी वागतील?

गेथेनवर खून होतात, हल्ले होतात, राजकारणातली कपटेही होतात. पण युद्ध झालेले नाही. याचे कारण बहुतेक समीक्षक लिंगव्यवस्थेत शोधतात. कादंबरीतही, दूताच्या आधी येऊन गेलेल्या एका निरीक्षक स्त्रीच्या टिपणात ही शक्यता तपासली आहे, आणि तिचे ते टिपण अभ्यासकांनी सर्वाधिक उद्धृत केले आहे. पण त्या टिपणाच्या शेवटाकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. तेथे ती आपल्याच तर्काला मुरड घालते आणि म्हणते की गेथेनी जीवनातील प्रमुख घटक कदाचित लिंग नसून ही थंडी असेल. येथे माणसाला माणसाहूनही क्रूर असा शत्रू आहे. कादंबरीच स्वतःच्या पोटात हा दुसरा पाठ बाळगून आहे. तो आम्ही इतकी वर्षे वगळून शिकवत आलो.

यावर एक रास्त आक्षेप येईल. हा तर भूगोलवाद झाला; थंड हवा शांत माणसे घडवते असे म्हणणे म्हणजे साहित्याला हवामानखात्याच्या स्वाधीन करणे होय. आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर कादंबरीने दिले आहे. कारहाइड आणि ऑर्गोरेन या दोन्ही देशांवर पडणारे बर्फ एकच. एका ठिकाणी कुलगृहे आहेत, दारी आलेल्या वाटसरूला आसरा देण्याची रीत आहे, एक काहीसा वेडसर राजा आहे. दुसऱ्या ठिकाणी टापटीप आहे, कार्यालये आहेत, कागदपत्रे आहेत, आणि त्या कागदपत्रांच्या शेवटी पुलेफेनची छावणी आहे. त्या छावणीकडे नेणारी बंद मालमोटार हा कादंबरीतला आम्हाला सर्वांत भीषण वाटणारा प्रसंग. पाण्यावाचून, अंधारात, एकमेकांची नावेही ठाऊक नसलेले कैदी थंडीत एकमेकांना बिलगून एकच गोळा होऊन पडतात. येथे शासनाने थंडीचे हत्यार केले आहे, आणि त्याच थंडीवर कैद्यांना सापडलेला एकमेव उपाय म्हणजे शेजारच्या देहाची ऊब. थंडी प्रश्न विचारते. उत्तर माणसांनी द्यायचे असते, आणि उत्तरे वेगवेगळी येतात.

सर्वांत चांगले उत्तर गोब्रिनवरच्या तंबूत मिळते. तेथे एक साधा, जवळजवळ घरगुती तंटा आहे. शेगडी किती तापवायची? पृथ्वीवरच्या जेन्लीला जी ऊब पुरते तिने एस्त्रावेन घामाघूम होतात; एस्त्रावेन यांना जे सुखाचे वाटते त्यात जेन्ली कुडकुडतो. एकाचे सुख दुसऱ्याला आजारी पाडील अशी अवस्था. शेवटी मधला एक बिंदू ठरतो, जो दोघांनाही पुरता सोयीचा नाही. परक्याबरोबर राहणे म्हणजे काय, याची एवढी अचूक व्याख्या आम्हाला सैद्धांतिक ग्रंथांतही क्वचित भेटली आहे. आणि पुढे याच तंबूत, एस्त्रावेन केमरमध्ये असताना, जेन्लीला प्रथम उमगते की समोरची व्यक्ती पुरुष आहे तशीच स्त्रीही आहे, आणि हे पाहायला आपण आजवर घाबरत होतो. राजवाड्यात, मेजवानीत, दरबारी संभाषणात त्याला जे दिसले नाही ते येथे दिसते. लिंगभावाचा प्रश्न थंडीच्या आत सुटतो, थंडी वगळून नाही, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.

येथे आपल्या भाषेचा मुद्दा येतो. ले ग्विन यांनी गेथेनींसाठी इंग्रजीतले पुल्लिंगी सर्वनाम वापरले आणि त्यावर टीका झाली. १९७६ च्या निबंधात त्यांनी त्या निवडीचे समर्थन केले; पुढे सुमारे दशकभराने त्याच निबंधाला टिपा जोडून ते समर्थन मागे घेतले. ही कादंबरी मराठीत आणायची झाली तर काय होईल? आमची भाषा इंग्रजीहून कठोर आहे. ती क्रियापदातही लिंग विचारते. एस्त्रावेन यांच्या रोजनिशीत 'मी स्लेज ओढली' असे लिहिले तर निभावते, कारण तेथे क्रियापद स्लेजच्या मागे जाते. पण 'मी चाललो' की 'मी चालले', 'मी थकलो' की 'मी थकले' येथे अनुवादक अडतो, आणि हिमपठारावर चालणे व थकणे याखेरीज दुसरे आहे काय? आदरार्थी 'ते आले' थोडी मदत करते, कारण लेखी मराठीत नपुंसकलिंगी एकवचनही 'ते आले' असेच होते. वाचकांच्या लक्षात आले असेल की या लेखात आम्ही तोच आडोसा घेतला आहे.

खरा दिलासा मात्र अनेकवचनात आहे. 'आम्ही चाललो' हे बाईही म्हणते, पुरुषही म्हणतो. आणि मराठीजवळ आणखी एक धन आहे : ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारे 'आम्ही' आणि त्याला आत घेणारे 'आपण'. कारहाइडचा नवा सत्ताधीश आकाशवाणीवरून देशाभिमानाची भाषणे करतो ती सारी 'आम्ही'ची आहेत. त्यांत सीमेपलीकडच्याला जागा नाही. तंबूतल्या दोघांचे एकमेकांशी बोलणे 'आपण'चे आहे. 'आज आपण किती चाललो?' या प्रश्नात लिंग नाही, ग्रह नाही, देश नाही. संध्याकाळ आहे आणि तापत असलेली शेगडी आहे.

एस्त्रावेन शेवटी सीमेवरच्या रक्षकांच्या गोळीला बळी पडतात. नंतर एक्युमेनचे जहाज उतरते, आणि आपलीच माणसे जेन्लीला विचित्र, एकांगी वाटू लागतात. वर्गात या प्रसंगाशी आलो की आम्ही पूर्वी 'लिंगभावाची पुनर्रचना' असा मथळा फळ्यावर लिहीत असू. तो पुसावा असे आम्ही म्हणत नाही. पण त्या आधी विद्यार्थ्यांना एवढे विचारावे असे मात्र वाटते : त्या तंबूत तुम्ही असता, तर शेगडी किती तापवली असती?