जटाधारींचे गाणे

जमैका म्हटले की आपल्याला क्रिकेट आठवते. मायकेल होल्डिंग आणि कोर्टनी वॉल्श याच बेटाचे. पण जगभर या बेटाचे नाव नेले ते रेगे गायक बॉब मार्लेने. गोव्याच्या किनाऱ्यावरील दुकानांतही त्याच्या चित्राचे टी-शर्ट टांगलेले दिसतात. लांब जटा, तोंडातून निघणारा धूर. बहुतेकांची ओळख तेथेच संपते आणि हा कोणी गंजेडी कलावंत असावा, असा समज होतो.

त्या जटांमागे एक धर्म आहे. १९३० साली इथिओपियाचा रास तफारी हा हैले सेलासी या नावाने सम्राट झाला. जमैकात तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. गुलामांचे वंशज असलेल्या तेथील गरिबांनी आपल्याच रंगाचा माणूस सिंहासनावर पाहिला आणि त्यांतील काहींनी त्याला देवच मानले. सम्राट स्वतः इथिओपियाच्या ख्रिस्ती चर्चचा अनुयायी होता, पण भक्तांचे त्यावाचून काही अडले नाही.

या पंथात आपल्या देशाचा एक धागाही मिसळला आहे. १८४५ पासून सुमारे ३६ हजार हिंदी मजूर करारावर जमैकाच्या मळ्यांत गेले. गांजा त्यांच्याबरोबर गेला, तोही नावासकट. तेथील कायद्यातसुद्धा 'गांजा' हाच शब्द आहे. पंथाचा आद्य प्रचारक लेनर्ड हॉवेल याने आपल्या पुस्तकावर 'गंगुनगुरू मराघ' असे नाव घातले होते. हे 'मराघ' म्हणजे आपले 'महाराज'च, असे मानले जाते. रास्ता लोक गांजा ओढतात तो प्रार्थनेचा आणि चिंतनाचा भाग म्हणून. कित्येक जण मांस आणि मीठही वर्ज्य करतात.

प्रतिष्ठित समाजाला मात्र हे लोक गलिच्छ आणि धोकादायक वाटत. १९६३ च्या एप्रिलमध्ये कोरल गार्डन्स येथे काही जणांनी पेट्रोल पंपावर हल्ला केला. त्याचे निमित्त करून सरकारने दिसेल त्या रास्ताला पकडले. मारहाण झाली, कितीएकांच्या जटा बळजबरीने कापल्या गेल्या. योगायोग असा, की त्याच वर्षी किंग्स्टनच्या ट्रेंच टाऊन वस्तीतील काही पोरांनी 'वेलर्स' हा वाद्यवृंद सुरू केला. बॉब त्यांपैकी एक. बाप गोरा, आई काळी आणि घरी दारिद्र्य.

१९६६ मध्ये सम्राट जमैकाला आला तेव्हा बॉब अमेरिकेत मजुरी करीत होता. सम्राटाचे दर्शन घडले ते पत्नी रीटाला. तिची श्रद्धा जडली, आणि पुढे बॉबनेही जटा वाढवल्या. ज्या पंथाच्या माणसाला कोणी दारात उभे करीत नसे, त्याची प्रार्थना आता रेडिओवर वाजू लागली. १९७८ मध्ये राजकीय टोळ्यांच्या रक्तपाताने जमैका हादरलेला असताना त्याने पंतप्रधान मॅन्ली आणि विरोधी नेते सीगा यांना व्यासपीठावर बोलावून त्यांचे हात एकमेकांच्या हातात दिले. खून थांबले नाहीत हे खरे. पण ते हात जुळवून आणणारा दुसरा कोणी तेव्हा नव्हता. १९८० मध्ये स्वतंत्र झिंबाब्वेच्या जन्मसोहळ्यात तो स्वखर्चाने गायला.

तोवर आजार अंगात भिनला होता. १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्यात कर्करोग निघाला. अंगठा काढावा, असा वैद्यकीय सल्ला मिळाला, तो त्याने मानला नाही. देह अखंड राहावा ही रास्तांची श्रद्धा, हे एक कारण सांगतात. नाचणे आणि फुटबॉल सुटेल ही भीती, हे दुसरे. कारण कोणतेही असो, किंमत फार मोठी पडली. ११ मे १९८१ रोजी तो गेला, तेव्हा अवघा ३६ वर्षांचा होता. शेवटच्या महिन्यांत त्याने इथिओपियन चर्चचा बाप्तिस्मा घेतला होता. ज्या देशाने जटा कापल्या, त्यानेच या जटाधारीला शासकीय इतमामाने निरोप दिला.

उरलेल्या रास्तांना मात्र बरीच वाट पाहावी लागली. त्यांना धार्मिक कारणासाठी गांजाची मुभा मिळाली ती २०१५ मध्ये. कोरल गार्डन्सबद्दल पंतप्रधानांनी माफी मागितली २०१७ मध्ये. २०१८ मध्ये युनेस्कोने रेगेला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले. आणि त्याच वर्षी जमैकातील एका शाळेने पाच वर्षांच्या मुलीला जटा काप, मगच वर्गात ये, असे बजावले. २०२० मध्ये न्यायालयाने शाळेची बाजू उचलून धरली. आईबाप अपिलात गेले. तो निकाल फिरला २०२४ मध्ये.