चकाचक नाणं, कोरी पाटी

तर मंडळी, आज शनिवार, ऑफिसचा लॅपटॉप बंद, आणि डोकं मात्र तापलेलं. कारण आहे एक रुपया. राणी व्हिक्टोरियाचा, चांदीचा, १८६२ सालचा. दोन महिन्यांपूर्वी ऑनलाइन घेतला. फोटोत असा लखलखत होता की कालच टाकसाळीतून निघालाय असं वाटावं. खाली लिहिलेलं, 'एकदम नवीन कंडिशन, फुल चमक'. साडेतीन हजार मोजले आणि आठवडाभर खुशीत होतो.

मग वाशिमला घरी गेलो. तिथे बाबांचे एक मित्र आहेत, रिटायर्ड मास्तर, तरुणपणापासून नाणी जमवतात. काकांनी रुपया कडेने धरला, टेबललँपखाली जरा तिरका केला आणि पाच सेकंदांत परत दिला. "घासलं हाय बाबू हे. नाणं काहून म्हणतं याले, ताटली झाली याची!"

मी अर्थातच विक्रेत्याला फोन करून भांडलो. तो अगदी शांतपणे म्हणाला, "सर, काळं नाणं कोणी घेतच नाही. गिऱ्हाईकच चमक मागतं." च्यायला, राग याचाच आला की तो खरं बोलत होता! मी स्वतः तीन काळपट रुपये सोडून हा पांढराशुभ्र उचलला होता. म्हणून आजचा हा शंख विक्रेत्यांपेक्षा आपल्यासारख्या गिऱ्हाइकांच्या नावाने आहे.

आपल्या धंद्यातलं उदाहरण देतो. सर्व्हरवर काही गडबड झाली की आपण आधी लॉग बघतो. कोणी शहाण्याने 'फाईल घाण दिसत होती' म्हणून लॉगच उडवले तर? आपण त्याला टीममध्ये ठेवू का? जुन्या नाण्यावरचा काळा, तपकिरी किंवा हिरवा थर हा तसाच लॉग आहे. हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते, तांबं आधी तपकिरी होतं आणि मातीत राहिलं तर हिरवं. हे व्हायला बरीच वर्षं लागतात. घासायला दहा मिनिटं पुरतात, आणि घासताना थराबरोबर खालचा धातूही जातो. तो परत येत नाही. इथे 'अनडू' नाही.

आता माझाच रुपया घ्या. १८६२ हे साल या रुपयांवर जवळपास १८७४ पर्यंत तसंच छापत राहिले. त्यामुळे तारखेच्या आसपासची बारीक टिंबं मोजून संग्राहक त्यातले प्रकार ओळखतात. माझ्यावरची टिंबं? एक आहे की दोन, भिंग लावूनही कळत नाही. साडेतीन हजारात मी नेमकी माहिती पुसलेलं नाणं आणलं.

ओळखायचं कसं, ते काकांकडून शिकून घेतलंय. पहिली गोष्ट, झीज आणि चमक एकत्र नांदत नाहीत. राणीच्या मुकुटाची नक्षी सपाट झालेली आणि भोवतालची मोकळी जागा आरशासारखी, म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे (किंवा पांढरंबेरं म्हणा). दुसरी, ठसा मारताना धातू कडेकडे सरकतो, त्याच्या सूक्ष्म रेषा नव्या नाण्यावर उरतात. म्हणून एकाच दिव्याखाली ते तिरकं केलं की उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. घासलेलं नाणं स्टीलच्या ताटासारखं सगळीकडून सारखं चमकतं, ॲसिडमध्ये बुचकळलेलं चुन्यासारखं निर्जीव पांढरं दिसतं. तिसरी, खिशातले ओरखडे कसेही वेडेवाकडे असतात, कापडाचे किंवा ब्रशचे एकाच दिशेने, ओळीत. चौथी, अक्षरांच्या खाचांत काळं आणि बाहेर सगळं पांढरं असेल तर ब्रश आत पोचलेला नाही एवढंच.

शिवराई घेताना तर दुप्पट सावध. केशरी-गुलाबी तांब्याची शिवराई दिसली की दोनच शक्यता. एकतर तिला चिंच-मीठ लागलंय, नाहीतर ती गेल्या महिन्यात कुठेतरी ओतलेली आहे.

आणि फोटोवर विश्वास नको. विक्रेत्याकडे व्हिडिओ मागा: एकच दिवा, नाणं हळूहळू तिरकं करत, कडही दाखवत. वजन मागा, हा रुपया मुळात ११.६६ ग्रॅमचा. परत घेणार का, ते लिहून मागा. टाळाटाळ झाली तर पुढे चला.

कोणी म्हणेल, एका रुपयासाठी एवढा त्रागा? तर आमच्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. १९३९ साली मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा गावात सातवाहनांच्या नाण्यांचा साठा सापडला, सुमारे १६०० नाणी. तेव्हा हा भाग अकोला जिल्ह्यात होता, वाशिम जिल्हा झाला १९९८ ला. नाणी पोटिनची, म्हणजे तांबं, कथील, शिसं अशा मिश्रणाची. एका बाजूला हत्ती आणि राजाचं नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. वा. वि. मिराशींनी त्यांचा अभ्यास केला आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी नावं वाचली. पुराणांतल्या यादीत ही नावं नाहीत. अशा नाण्यांवर पूर्ण नाव क्वचितच उमटतं. एकावर दोन अक्षरं, दुसऱ्यावर पुढची तीन, असं जुळवत न्यावं लागतं. ती नाणी आधी कोणी 'फुल चमक' करून ठेवली असती तर? हत्तीसुद्धा धड दिसला नसता!

आता न्यायाने बोलायचं तर सफाई सरसकट पाप नाही. प्रयोगशाळेत जाणकार माणूस अक्षर वाचण्यासाठी माती काढतो, किंवा तांब्याला खाणारी फिकट हिरवी भुकटी थांबवतो, ते वेगळं. पण ते काम त्याचं, आपल्या मोरीतलं नाही. आणि शेतात जुनी नाणी निघाली तर ती धुवायचीही नाहीत, विकायचीही नाहीत. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं.

हे सगळं मी घरी तावातावाने ऐकवत होतो, तर आई म्हणाली, "मंग लक्ष्मीपूजनाले काळा रुपया ठेवू का मी?" घ्या! पण तिचंही बरोबर आहे. तिच्या डबीतले रुपये पूजेसाठी आहेत, ती ते विकत नाही आणि 'नवीन कंडिशन' असं कोणाला सांगत नाही. माझं भांडण खोट्या बोलण्याशी आणि त्याला पैसे मोजणाऱ्या माझ्यासारख्यांशी आहे. आपण काळपट नाण्याला दोन पैसे जास्त देऊ लागलो की ब्रश आपोआप खाली ठेवला जाईल.

असो. विक्रेत्याने रुपया परत घेतला नाहीच. मी तो आईला देऊन टाकला. दरवर्षी चिंच लावून घासा म्हटलं, त्याचं आता काही बिघडायचं राहिलेलं नाही :)