सेन्सर बदलण्याआधी कपलर बघा

आषाढातल्या झडीत भोरहून वरंध घाटाकडे निघालेली गाडी. नीरा देवघरच्या पाण्याकडेने चढ घेताना तिची ओढ एकाएकी जाते आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटतो. गाडी बंद पडत नाही, पण चढतही नाही. चालक ती कशीबशी भोरला परत आणतो, गॅरेजात स्कॅनर लागतो, पडद्यावर कोड उमटतो आणि पाठोपाठ निकाल येतो : "सेन्सर गेला, बदलावा लागेल."

नवा सेन्सर बसतो, कोड उडवला जातो, दिवा विझतो. पुढच्या पावसात तो पुन्हा पेटला, तर बिघाड सेन्सरमध्ये नव्हताच असं समजायला हरकत नाही. तो बहुधा कपलरमध्ये असतो, म्हणजे सेन्सर आणि वायरिंग जिथे जोडलं जातं त्या प्लॅस्टिकच्या खटक्यात.

कोड वाचण्यातली ही चूक फार महागात पडते. 'पी ०११८' हा नेहमी दिसणारा कोड घ्या. कूलंटचं तापमान मोजणाऱ्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त आहे, एवढंच तो सांगतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, कपलरच्या पिना आहेत, वायर आहे, अर्थिंग आहे आणि इंजिनाचा संगणकही आहे. कोड गल्ली दाखवतो. घर मेकॅनिकनेच शोधायचं असतं.

हा सेन्सर गार असताना विजेला जास्त अडवतो, तापला की कमी. संगणक त्याच्या वायरीवर ५ व्होल्ट ठेवतो आणि तिथल्या व्होल्टेजवरून तापमान ओळखतो. वायर तुटली किंवा पिन सुटली, की प्रवाहच थांबतो आणि स्कॅनरवर साधारण उणे ४० अंश दिसतं. वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, पारा तिथवर उतरत नाही. तो आकडा हवेचा नसून तुटलेल्या जोडणीचा आहे.

तपास सोपा आहे. स्विच बंद करून कपलर काढायचा, त्याच्या दोन टर्मिनलांमध्ये वायरचा तुकडा जोडायचा, स्विच चालू करून स्कॅनर बघायचा. आकडा उणे ४० वरून उसळून शंभराच्या वर गेला, तर वायर आणि संगणक ठीक. मग संशय सेन्सरवर. आकडा हललाच नाही, तर दोष वायरीत, पिनेत किंवा क्वचित संगणकात. ही युक्ती फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरसाठी आहे. क्रँक सेन्सरसारख्या तीन वायरींच्या जोडणीत अशी तार घालू नये. तिथे इंजिन चालू ठेवून, फिरत्या पट्ट्यांपासून हात लांब ठेवून, हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हळूच हलवून बघायचा. इंजिन अडखळलं, की जागा सापडली.

भोर आणि राजगड या दोन तालुक्यांत संशय आधी जोडणीवरच घ्यायला कारणं आहेत. सह्याद्रीच्या माथ्यालगतचा मुसळधार पाऊस, चिखलाचे रस्ते, गाडी धुताना इंजिनावर मारलेला जोरदार फवारा. त्यातून कपलरमध्ये पाणी शिरतं आणि तांब्याच्या पिनांवर हिरवा थर चढतो. भातकापणीनंतर पेंढ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात. कुठे कपलरचं लॉक तुटलेलं असतं, कुठे पिन मागे सरकलेली.

पिना पॉलिश पेपरने घासू नयेत, वरचा मुलामा जातो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा पुरतो. तुटलेली वायर पिळून वर टेप गुंडाळली, तर पाणी पुन्हा आत जातं. जोड पक्का करून त्यावर हीट श्रिंक नळी चढवली, तर तो पावसाळे काढतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष आले आणि गाड्यांमधले सेन्सर वाढले, म्हणजे कपलरही वाढले. बिघाडाची नेमकी जागा शोधण्याचं कौशल्य त्यामुळे आता जास्त मोलाचं झालं आहे. पण अडचण गिऱ्हाइकाच्याही बाजूने आहे. नव्या सेन्सरचे हजारो रुपये मुकाट मोजणारा माणूस तासभराच्या तपासणीचे पैसे द्यायला कुरकुरतो. मग मेकॅनिक पार्ट बदलण्याचाच रस्ता धरतो.

म्हणून वाचकांना विनंती आहे. पुढच्या वेळी पिवळा दिवा पेटला, तर सेन्सर मागवण्याआधी कपलर उघडून दाखवायला सांगा, स्कॅनरवरचा आकडा स्वतः बघा आणि तपासाची मजुरी आनंदाने द्या.