बोलणी कोण करतंय?

दिवाळीत लालपरी थांबली की वाशीम जिल्ह्याचं अर्धं माहेरपण थांबतं. रेल्वे वाशीमवरून जाते. रिसोड, मंगरूळपीर, मानोऱ्याला ती कधी आलीच नाही, आणि कारंज्याची शकुंतला रेल्वे थांबली ती थांबलीच. उरते एसटी. त्यामुळे एसटीचा संप ही आपल्याकडे फक्त कामगारांची बातमी राहत नाही, घराघरातली होते.

१७ ऑक्टोबर २०१७ ला असा संप ऐन दिवाळीत सुरू झाला. मागणी सातव्या वेतन आयोगाप्रमाणे पगाराची. लक्ष्मीपूजन बसविना झालं, उच्च न्यायालयाने संप बेकायदा ठरवला आणि भाऊबीजेला गाड्या पुन्हा धावू लागल्या. चार दिवस लोक एकच विचारत होते : सणातच कशाला? कारण उघड आहे. आषाढातल्या एखाद्या मंगळवारी रिसोडची निम्मी रिकामी गाडी उभी राहिली तर मुंबईत कोणाची झोप उडणार? दिवाळी हा महामंडळाच्या कमाईचा हंगाम, म्हणून तोच कामगाराच्या जोराचाही. भाव चढला की माल बाहेर काढणाऱ्या शेतकऱ्याला आपण लबाड म्हणत नाही. मग ड्रायव्हर-कंडक्टरलाच का म्हणावं?

मात्र जोर असला म्हणजे वाटाघाट जमतेच असं नाही. २०२१ ची दिवाळी आठवून पाहा. कोरोनानंतर पगार रखडलेले, महागाई भत्ता थकलेला. संघटनांच्या कृती समितीने ऑक्टोबरच्या शेवटी उपोषण केलं, सरकारने काही मागण्या मान्य केल्या आणि समितीने आंदोलन मागे घेतलं. आगारांतल्या लोकांनी घेतलं नाही. महामंडळाचं शासनात विलीनीकरण झाल्याशिवाय स्टेअरिंगला हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवलं, आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राज्यभरातले आगार बंद पडले. नेते मागे राहिले आणि माणसं पुढे गेली. आमच्या मते यात मोठा दोष संघटनांचाच. पगाराची तारीख चुकत असताना ज्यांनी पक्षांशी जवळीक केली, त्यांच्या सहीवर कोण भरवसा ठेवणार?

पुढे काय झालं? नोव्हेंबरअखेर परिवहनमंत्री अनिल परब यांनी मूळ पगारात सेवेच्या वर्षांनुसार अडीच ते पाच हजारांची वाढ जाहीर केली. ही वाढ लहान नव्हती. खरं तर तिथे बसून आणखी काही पदरात पाडून घेता आलं असतं. पण बसणार कोण? मान्यताप्राप्त संघटनेचं कोणी ऐकत नव्हतं आणि ज्यांचं ऐकत होते ते कोर्टात आणि आझाद मैदानावर होते. त्यांच्याकडे मागणी एकच, आणि तीही मधला आकडा नसलेली. विलीनीकरण निम्मं देता येत नाही. तीन सचिवांच्या समितीने ते नाकारलं, आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने २२ तारखेपर्यंत कामावर या, असं सांगितल्यावर लोक परतले. पाच महिन्यांहून जास्त काळ गेला. त्यात कित्येकांचं निलंबन झालं, बडतर्फी झाली. आत्महत्यांच्या बातम्या आल्या. शाळा उघडल्यावर पासावर येणाऱ्या मुलींची गैरहजेरी वेगळीच.

याच्या शेजारी सप्टेंबर २०२४ ठेवा. गणपतीच्या तोंडावर दोनच दिवसांचा संप, कृती समिती मुख्यमंत्र्यांसमोर बसली आणि मूळ वेतनात साडेसहा हजारांची वाढ घेऊन उठली. विधानसभेची निवडणूक जवळ होती, तिचाही हात होता, हे मान्य. तरी समोर बसून आकडा बोलणारी आणि त्यावर सही करू शकणारी माणसं तिथे होती.

कायद्याला नेमकी हीच माणसं हवी असतात. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता कायद्यात मान्यतेसाठी सलग सहा महिने ३० टक्के कामगार सभासद असावे लागतात. म्हणजे कोणीतरी पावतीपुस्तक घेऊन आगारातल्या विश्रांतिगृहात जायचं, रात्रपाळी संपवून आलेल्या वाहकाकडे वर्गणी मागायची, त्याच्या शिव्या ऐकायच्या आणि पावती फाडायची. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण औद्योगिक न्यायालयात मोजल्या जातात त्या या पावत्याच. मान्यता मिळाली की बोलणी करण्याचा आणि आगारात फलक लावण्याचा हक्क मिळतो. झालेला करार सभासद नसलेल्यालाही लागू होतो. संपाला १४ दिवसांची नोटीस लागते, सभासदांचं मतही घ्यावं लागतं. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने मान्यतेची पट्टी उंचावली : ५१ टक्के असतील तर एकच संघटना बोलणार, नाहीतर किमान २० टक्के असलेल्यांची परिषद. एसटीत वीसपेक्षा जास्त संघटना आहेत. गणित तुम्हीच करा. त्यात वाशीम जिल्ह्याचे चारही आगार अजून अकोला विभागात आहेत. जिल्हा १९९८ ला झाला, पण एसटीचा कारभार काही वाशीमला आला नाही. बोलणी तर त्याहून लांब, मुंबईत.

सही किती महत्त्वाची, हे गावोगाव आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना विचारा. २०२३ च्या दिवाळीआधी संपावर असताना त्यांना सात हजारांची वाढ जाहीर झाली. शासन निर्णय निघेना म्हणून जानेवारीत त्या पुन्हा संपावर गेल्या. मार्चमध्ये निर्णय निघाला, पाच हजारांचा.

ज्यांच्याकडे ना पावतीपुस्तक ना फलक, तेही बोलणी करतातच. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत कोणत्याही धुऱ्यावर जा. टोळीची बाई एकरी आकडा सांगते. शेतकरी 'बाप्पा!' म्हणून कपाळाला हात लावतो, बाजूला जाऊन दुसऱ्या टोळीला फोन करतो, आणि तिकडूनही तोच आकडा येतो. टोळ्यांचं आदल्या रात्रीच ठरलेलं असतं. वर आभाळ भरून आलेलं. शेतकरी मान हलवतो. तोच शेतकरी पुढे कारंज्याच्या बाजार समितीत आपल्या ढिगाशी उभा राहतो, तेव्हा २०२५-२६ चा ५३२८ रुपयांचा हमीभाव त्याला तोंडपाठ असतो, पण त्याच्या बाजूने बोलणारं कोणी नसतं. व्यापारी बोली लावतात, तो ऐकतो.

दिवाळी झाली की तांड्यांवरून कोयते निघतात. ऊसतोडीचा दरही वाटाघाटीतूनच येतो. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि मजूर संघटनांत तीन वर्षांचा करार झाला, टनाला २७३ रुपयांचे ३६६ झाले. शरद पवार आणि पंकजा मुंडे मध्यस्थ होते. ३४ टक्के वाढ कमी नाही. पण कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, आणि उचल लिहिली जाते नवऱ्याच्या नावावर, मुकादमाच्या वहीत. मोळी बांधून डोक्यावर वाहणाऱ्या बाईचा हिशेब त्या वहीत वेगळा नाही. पुढच्या कराराला तिचं नाव आणि तिचा दर वेगळा लिहिला जावा, आणि तो मागायला टेबलाशी तीच बसलेली असावी, अशी आमची मागणी आहे. तुमच्या गावातून कोयते जात असतील तर परतल्यावर त्या बायांशी बोला आणि त्यांचा हिशेब आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात तो छापू.