मेलेलं रोप गुपचूप बदलू नका

दिवाळीत मावशीकडे चोरखमाऱ्याला गेलो होतो. नाव ऐकून पुण्यातले कलीग्ज अजूनही हसतात. गोंदिया जिल्ह्यात, तिरोडा तालुक्यात हे गाव. नागझिऱ्याच्या जंगलात शिरायचं एक गेट इथे आहे आणि मोठा तलाव आहे. मोबाईलची रेंज मात्र मूडप्रमाणे येते-जाते. म्हणजे सुट्टीला आदर्श!

मावशीची नात तिसरीत आहे. शाळेत बाईंनी प्रत्येकाला वांग्याचं एकेक रोप सांभाळायला दिलेलं. एका सकाळी शेळीने तिचं रोप पार फस्त केलं. पोरगी रडून रडून लाल! मी लगेच म्हटलं, "अगं, तिरोड्याहून दुसरं आणू, बाईंना कळणारसुद्धा नाही."

मावशी म्हणाली, "राहू दे बाबू. तिलेच सांगू दे बाईले."

खरं सांगतो, ओशाळलो. ऑफिसात कुणी प्रॉडक्शनमधला बग गुपचूप झाकला तर मी किती लेक्चर देतो! आणि इथे आठ वर्षांच्या मुलीला तेच शिकवत होतो.

हल्ली सोशल-इमोशनल लर्निंग हा शब्द फार ऐकू येतो. आपल्याला काय वाटतंय ते ओळखणं, दुसऱ्याचं समजून घेणं, जबाबदारी घेणं, चुकलं तर सावरणं. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही याचा उल्लेख आहे. पण कल्पना काही नवी नाही. हाताने काम करत शिकायची गांधीजींची नई तालीम 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत मांडली गेली, म्हणजे आपल्या विदर्भातच. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत मुलं आजही शेतात काम करत शिकतात.

झाडाने माणसात फरक पडतो का? 1976 साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात प्रयोग केला. काही जणांना रोप दिलं आणि सांगितलं, हे तुम्हीच सांभाळायचं. शिवाय रोजचे छोटे निर्णयही त्यांच्यावर सोडले. दुसऱ्या गटालाही रोप दिलं, पण पाणी नर्स घालणार. पहिला गट जास्त आनंदी आणि उत्साही दिसला. आता हे आजीआजोबा होते, शाळकरी मुलं नव्हेत. आणि फरक रोपाने पडला की निर्णयांनी, तेही वेगळं काढता येत नाही. पण रोप दोघांकडे होतं, 'हे माझं आहे' हे एकाच गटाकडे होतं. मला तरी मुद्दा तिथेच दिसतो.

आणि आपण काय करतो? वृक्षारोपण! राज्य सरकारची लक्ष्यं आठवा: 2016 मध्ये 2 कोटी, मग 4, मग 13, आणि 2019 मध्ये 33 कोटी. माझ्या शाळेत दरवर्षी पाहुणे यायचे, फोटो व्हायचा. खड्डा मात्र तोच असायचा. त्यातून आम्ही एकच गोष्ट शिकलो, ती म्हणजे फोटोत पुढे कसं उभं राहायचं.

कुणी म्हणेल, धानाच्या पट्ट्यातल्या पोरांना झाडं काय शिकवता? ती तर रोवणीच्या चिखलातच वाढतात. बरोबर आहे. पण शेतात निर्णय मोठ्यांचे असतात, मुलं फक्त हाताखाली. स्वतःचं एक रोप म्हणजे कुठे ठेवायचं, गावाला जाताना पाणी घालायला कुणाला विनवायचं, हे सगळं तिनेच ठरवायचं. सामाजिक कौशल्य म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

म्हणून शाळांनी हा उपक्रम जरूर करावा, पण त्याला मार्क ठेवू नयेत. मार्क आले की आई-बाबा नर्सरीतून नवं रोप आणणारच (मी निघालोच होतो की!). आणि रोप मेलं तर वर्गात त्यावर बोलावं: काय झालं, वाईट वाटलं का, पुढच्या वेळी काय करशील? आम्ही इंजिनिअर लोक यालाच पोस्टमॉर्टेम म्हणतो. दोष कुणाच्या माथी मारायचा नाही, कारण शोधायचं.

परवा मावशीचा फोन आला. सुट्टी संपल्यावर पोरीने बाईंना सगळं सांगितलं, दुसरं रोप मिळालं. या वेळी तिने आधी बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं, मग रोप लावलं.

असो. माझ्या डेस्कवरच्या मनी प्लांटला हाऊसकीपिंगचे काका पाणी घालतात. सोमवारी त्यांना सांगणार आहे, उद्यापासून मी घालीन. मेलं तर मेलं, पण माझ्या हातून.