स्टोअर्ड प्रोसिजर: सगळंच धरणावर नको!

"सगळं लॉजिक डेटाबेसमध्ये टाका, फास्ट चालतं" हे ऐकून कान किटले राव! १८९२ सालच्या तानसा धरणाची पातळी मोजायला कुणी पाणी मुंबईला आणत नाही. तसंच महिनाअखेर लाखो बिलं चाळून चार टेबलांत नोंदी करायच्या, तर तो सगळा डेटा नेटवर्कवरून कशाला ओढता? तिथे प्रोसिजर लिहाच. पण पाणीकपात किती, हे मुंबईतच ठरतं ना? मग सतत बदलणारे नियम ॲप्लिकेशनमध्येच ठेवा.

आणि 'प्रोसिजरमुळे एसक्यूएल इंजेक्शन टळतं' ही शुद्ध थाप. आत स्ट्रिंग जोडून क्वेरी बनवलीत की भोक तसंच! पॅरामीटर वापरा, मग क्वेरी कुठेही असो.

उद्या क्लायंटने ओरॅकल सोडून पोस्टग्रेस मागितलं, तर त्या चारशे प्रोसिजर पुन्हा कोण लिहिणार? शनिवार-रविवार आमचेच जाणार!