रेझ्युमेतलं ‘ऑब्जेक्टिव्ह’ आणि आपल्या टाचणातलं उद्दिष्ट



निकाल लागले की झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होते. बारावी, आयटीआय, डिप्लोमा झालेली मुलं “बायोडाटा बनवून द्या” म्हणून उभी असतात. दुकानदाराकडे एक फाईल तयारच असते. नाव बदललं, जन्मतारीख बदलली, टक्के बदलले, प्रिंट काढली, झालं काम! बदलत नाही ते फक्त नावाखालचं ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’. त्या इंग्रजी वाक्याचा अर्थ साधारण असा असतो : आव्हानात्मक वातावरणात काम करून माझ्या कौशल्यांचा उपयोग संस्थेच्या व माझ्या प्रगतीसाठी करणे. फिटरला तेच, बीकॉमवाल्याला तेच आणि आपल्या डी.एड.वाल्यांनाही तेच.

माझं मत विचाराल तर या वाक्यापेक्षा तिथे कोरी जागा बरी. ते नुसतं निरुपयोगी असतं तर चाललं असतं, पण ते मुलाला अडचणीत आणतं. मुलाखत घेणारा कागद वरून खाली वाचतो, आणि सगळ्यात वर हेच असतं. “हे जे लिहिलंय त्याचा अर्थ सांग बरं,” असं त्याने सहज विचारलं, की मराठी माध्यमातून शिकलेला, हाताने उत्तम काम करणारा मुलगा तिथेच गप्प होतो. काम येत असतं, पण स्वतःच्याच कागदावरचं वाक्य त्याला परकं असतं. पुढची दहा मिनिटं तो त्या धक्क्यातच उत्तरं देतो.

आता गंमत बघा. उद्दिष्ट कसं लिहावं हे आपल्याइतकं कोणाला शिकवलं गेलंय? डी.एड.ला (आताचं डी.एल.एड.) असताना पाठ टाचणात ‘विद्यार्थ्यांना अपूर्णांक समजतील’ असं लिहिलं की मॅडम लाल शाईने खूण करायच्या. समजतील म्हणजे काय? तुम्हाला ते दिसणार कसं? मग आपण लिहायचो, ‘विद्यार्थी दिलेल्या आकृतीतला रंगवलेला भाग अपूर्णांकात लिहितो’. रॉबर्ट मेगर यांनी १९६२ च्या त्यांच्या पुस्तकात हेच मांडलं होतं. ‘जाणणे’, ‘समजणे’ या शब्दांचे प्रत्येक जण वेगळे अर्थ लावतो, म्हणून विद्यार्थी काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत आणि कितपत चांगलं, ते लिहा. असे शेकडो पाठ लिहिलेले आपण खासगी शाळेत अर्ज करताना मात्र ‘आव्हानात्मक वातावरण’ लिहून मोकळे होतो!

लग्नाच्या बायोडाटातही ‘अपेक्षा’ हा रकाना असतो. तिथे ‘अनुरूप’ एवढंच लिहिलेलं असलं की काहीच कळत नाही, फोन करून विचारावंच लागतं. नोकरीसाठी फोन करून विचारायला कोणी बसलेलं नसतं. कागद बाजूला पडतो.

मग लिहायचं काय? कोणतं काम हवंय, त्यासाठी मला आज काय येतं आणि तुमच्याकडे आल्यावर मी काय करेन, एवढंच. दोन वाक्यं, फार तर तीन. पहिली-दुसरीसाठी शिक्षक हवेत अशी जाहिरात असेल तर डी.एल.एड. झालेली मुलगी असं लिहू शकते : ‘पहिली व दुसरीला मराठी आणि गणित शिकवण्यासाठी अर्ज करत आहे. अभ्यासक्रमातील शाळेच्या सरावात पहिलीच्या वर्गाला अक्षरकार्ड व मणीमाळ वापरून शिकवले आहे. वाचनात मागे असलेल्या मुलांसाठी रोज वेगळा वेळ देऊन काम करायची तयारी आहे.’ यात एकही भारी शब्द नाही, पण मुख्याध्यापकांना विचारायला चार प्रश्न मिळाले आणि चारही तिच्या घरचे!

फिटरचं बघा. ‘आयटीआय फिटर. व्हर्नियर व मायक्रोमीटरने माप घेणे, फायलिंग, ड्रिलिंग येते. मशीन शॉपमध्ये अप्रेंटिस म्हणून काम शिकायचे आहे, तिन्ही पाळ्यांना येऊ शकतो.’ शेवटचे चार शब्द सुपरवायझरच्या दृष्टीने किती मोलाचे आहेत, हे एमआयडीसीत काम करणाऱ्या पालकांना मी सांगायला नको.

एक मात्र जपायचं. जे येत नाही ते लिहायचं नाही. टॅली नुसतं बघितलं असेल तर ‘टॅली येते’ लिहू नका, कारण समोर कॉम्प्युटर ठेवायला त्यांना एक मिनिट लागतं. आणि जाहिरात बदलली की वाक्यही बदललं पाहिजे. एकच प्रिंट वीस ठिकाणी वाटली की पुन्हा तो झेरॉक्सवाला बायोडाटाच झाला.

काही जण म्हणतात, ऑब्जेक्टिव्ह आता जुनं झालं, काढूनच टाका. अनुभवी माणसाच्या बाबतीत मला हे पटतं. पाच वर्षं शिकवलेल्याने वरती सरळ कोणत्या इयत्ता, कोणते विषय, किती वर्षं ते लिहावं. सरकारी भरतीतही याचा काही उपयोग नाही, पवित्र पोर्टलवर गुण आणि प्राधान्यक्रम बोलतात. पण नुकतंच शिकून बाहेर पडलेल्या पोराच्या कागदावर दुसरं असतं काय? शाळेचं नाव, टक्के आणि छंद : क्रिकेट. त्याच्यासाठी ही दोन वाक्यंच सगळं काही आहेत. म्हणून काढू नका, नीट लिहा.

पालकांना एक विनंती. हे वाक्य आधी मराठीत लिहून घ्या, मुलाच्या तोंडून. “तुला काय काय करता येतं रे?” एवढं विचारा आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरवा. मग इंग्रजी करायचं असेल तर ताईची, सरांची मदत घ्या, मोबाईलवर करा, काहीही करा. मूळ वाक्य त्याचं असल्याने इंग्रजी अडलं तरी तो अर्थ सांगू शकेल.

आणि शिक्षकांनो, दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनात पत्र आहे, जाहिरात आहे, बातमी आहे. तिथे मुलं साबणाची, छत्रीची जाहिरात छान लिहितात, स्वतःबद्दल लिहा म्हटलं की अडतात. याची सुरुवात आपल्या प्राथमिकच्या वर्गातच करता येते. चौथीच्या मुलांना ‘मला काय येतं’ यावर एक ओळ लिहायला सांगा. आधी निम्मा वर्ग ‘मी हुशार आहे’ लिहील. त्याला हुशार शब्द न वापरता पुन्हा लिहायला सांगा. मग येतं, ‘मला हातच्याची वजाबाकी येते’, ‘मी शेळीचं दूध काढते’, ‘मी आजीच्या गोळ्या वेळेवर देतो’. या ओळी खोडू नका, वर्गात लावून ठेवा.